साभार परत : छपाईचे तंत्र आणि मराठी मासिकांचा संपादक

साठोत्तरी वाङ्मयाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हटकून येतो : लघुअनियतकालिकांच्या चळवळीमागील कारणांची चर्चा करा. उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. स्वातंत्र्योत्तर भ्रमनिरास, शिक्षणाचा प्रसार, महानगरी जीवनातील एकाकीपण, प्रस्थापित वाङ्मयाविषयीची चीड, अमेरिकेतील बीट कवींचा प्रभाव. यांतले एकही कारण खोटे नाही. परंतु भ्रमनिरास झालेल्या, खिशात फारसे पैसे नसलेल्या विशीतल्या तरुणाला स्वतःचे नियतकालिक काढणे मुळात शक्य कसे झाले, हा साधा प्रश्न या उत्तरांत कोठेच येत नाही. आपल्या वाङ्मयेतिहासात यंत्राला जागा नसते. असलीच तर पहिल्या प्रकरणात, मिशनऱ्यांच्या छापखान्यापुरती. त्यानंतर वाङ्मय जणू स्वयंभूपणे वाढत जाते आणि कागद, शाई, खिळे, टपाल या गोष्टी व्यवस्थापकाच्या वहीत राहतात.

मासिकांच्या इतिहासाबाबत तरी हे दुर्लक्ष परवडणारे नाही. संपादक या संस्थेची अनेक वर्णने केली जातात : जाणकार, मार्गदर्शक, अभिरुचीचा रक्षक. व्यवहारात मात्र संपादक म्हणजे ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस. ‘साभार परत’ या दोन शब्दांवर त्याचा अधिकार उभा असतो. या ‘नाही’ला वजन कशामुळे येते, असे विचारले तर उत्तर केवळ त्याच्या रसिकतेत सापडणार नाही. त्याच्या ताब्यात छपाईचे साधन आहे आणि लेखकाच्या ताब्यात ते नाही, हेही त्या वजनाचे एक कारण आहे. म्हणून छपाईचे तंत्र जेव्हा बदलते तेव्हा मासिकाच्या रूपाबरोबर नकाराची जागाही बदलते.

आरंभीच्या काळाकडे पाहिले तर संपादक आणि लेखक अजून फारसे वेगळे झालेले दिसत नाहीत. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, ते इंग्रजी आणि मराठी अशा दुहेरी स्तंभांत. १८४० साली त्यांनीच ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. या पत्रांत बाहेरच्या लेखकांना नाकारण्याचा प्रश्न फारसा नव्हता. लिहू शकणारे लोक शोधावे लागत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४) तर जवळजवळ एकहाती मजकुराची. तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले. ज्याचा मजकूर त्याचेच मासिक, असा हा व्यवहार होता. छापखाना आपल्या हाती हवा याची जाण विष्णुशास्त्र्यांना किती होती, हे त्यांच्या पुढच्या उद्योगांवरून दिसते : चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि १८८१चा ‘केसरी’. शैलीकार म्हणून आपण त्यांना वर्गात शिकवतो. छापखाने उभारणारा माणूस म्हणून शिकवीत नाही.

मुंबईत या काळात दोन तंत्रे शेजारी-शेजारी नांदत होती, हे येथे सांगितले पाहिजे. एक शिळाछाप. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. यात लेखकूचे अक्षर जसेच्या तसे कागदावर उतरे. जोडाक्षरांची अडचण नसे, मात्रा-वेलांट्या सुट्या पाडाव्या लागत नसत. पोथीला सरावलेल्या वाचकाला ते परके वाटत नसे. दुसरे तंत्र खिळ्यांचे. देवनागरीचे खिळे पाडणे हे किती किचकट काम! रोमन लिपीला पुरणारी खिळ्यांची पेटी देवनागरीला कोठून पुरणार? जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, वर-खाली बसणाऱ्या मात्रा धरून शेकडो खिळे लागत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी त्यांवर मेहनत घेतली. तेथेच उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली स्वतःचा टाइपकारखाना आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. निर्णयसागरच्या वळणदार खिळ्यांनी मराठी आणि संस्कृत ग्रंथांना जे रूप दिले ते पुढे दीर्घकाळ आपल्या डोळ्यांत बसले. खिळ्यांनी शिळाछापाला मागे सारले आणि हस्ताक्षर छापील पानावरून हद्दपार झाले. ते सुमारे शंभर वर्षांनी परत कसे आले, ते पुढे पाहू.

खिळ्यांच्या छपाईचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय मराठी संपादन समजत नाही, असे माझे मत आहे. खिळेजुळारी एकेक अक्षर उचलून ओळ जुळवतो. जुळवलेले पान म्हणजे शिशाचे ओझे; ते अडकून राहिले की तेवढे खिळे दुसऱ्या पानाला मिळत नाहीत. मुद्रितावर लेखकाने एक वाक्य वाढवले तर पुढच्या ओळी सरकवाव्या लागतात, कधी सारे पान नव्याने बांधावे लागते. प्रत्येक सुधारणेला मजुरी पडते. अशा व्यवस्थेत मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वीच पक्का होणे ही गरज बनते. संपादकाने हस्तलिखित काळजीपूर्वक वाचावे, लेखकाशी पत्रव्यवहार करावा, पुनर्लेखन करून घ्यावे, ही जी संपादनाची थोर परंपरा आपण मानतो, तिचा एक पाय वाङ्मयीन निष्ठेत आहे आणि दुसरा शिशात आहे. यात त्या परंपरेची अवहेलना नाही. शेतीची रीत जमिनीवरून ठरते, तसेच हे.

मधल्या टप्प्यावर चित्र आले, आणि त्याने मासिकाचे वर्षच बदलून टाकले. काशिनाथ रघुनाथ मित्र (मूळचे आजगावकर; बंगाली साहित्याच्या ओढीने ‘मित्र’ झालेले) यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ सुरू केले. हाफटोन ब्लॉकमुळे छायाचित्र आता मजकुराबरोबर त्याच यंत्रावर छापता येऊ लागले होते. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. लेखकांची छायाचित्रे वाचकांपुढे आली आणि लेखक हे नावापुरते न राहता चेहऱ्यानिशी ओळखले जाऊ लागले. जाहिरातदारालाही चित्र हवेच होते. ब्लॉक करून घेणे खर्चाचे, गुळगुळीत कागद महाग. हा खर्च वर्गणीतून भागणे कठीण, म्हणून सण आणि बाजार यांची सांगड. गेली शंभराहून अधिक वर्षे मराठी कथाकार आषाढ-श्रावणात दिवाळीसाठी लिहीत बसतो, याला एका सणाइतकेच ब्लॉकच्या खर्चाचे गणित कारण आहे. पुढे १९४५ साली दीनानाथ दलालांचे ‘दीपावली’ आले आणि मुखपृष्ठावरचे रंगीत चित्र हाच अंकाचा पहिला मजकूर झाला. अनेक मासिके बारमाही स्वरूपात संपली आणि केवळ दिवाळी अंक म्हणून उरली, हे आपण पाहतोच.

किर्लोस्करवाडीच्या नियतकालिकांचे उदाहरण याहून वेगळे आहे. १९२०चा ‘किर्लोस्कर खबर’ हा नांगर करणाऱ्या कारखान्याचा वृत्तान्त म्हणून निघाला. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. जोडीला ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) आली. मुंबई-पुण्याबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीतून रेल्वे आणि टपाल यांच्या आधारावर महाराष्ट्रभर मासिके पोचवता येतात, हे त्यांनी दाखवले. यंत्राशी रोजचा संबंध असल्यामुळेच की काय, सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी (अि, अी, अु, अू) या मासिकांनी स्वीकारली. खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी लिपीच बदलावी, असा तो विचार. जुने अंक चाळताना आजचा विद्यार्थी ‘अितिहास’ या रूपाशी अडखळतो आणि त्याला ती मुद्रणातील चूक वाटते. ती खिळ्यांच्या पेटीतून शुद्धलेखनात शिरलेली सुधारणा होती.

आता ‘सत्यकथा’. १९३३ साली सुरू झालेले हे मासिक पुढे मराठी नवकथा-नवकवितेचे मुख्य पीठ झाले, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली. गिरगावातल्या खटाववाडीत संपादकांचे टेबल आणि मौजेचा छापखाना यांत अंतर नव्हते. मौजेच्या नेटक्या मुद्रणाची ख्याती आजही सांगितली जाते. या दोहोंच्या एकत्र असण्यात ‘सत्यकथे’चे सामर्थ्य होते. पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, कथेतला कच्चा दुवा दाखवीत, पुन्हा लिहून मागवीत. कित्येक लेखक या पत्रांनी घडले. पण त्याच कारणाने खटाववाडीतून परत आलेली कविता जणू मराठी साहित्यातूनच परत आल्यासारखी वाटे. दुसरी मासिके होती. तथापि गंभीर वाङ्मयापुरता तरी ‘सत्यकथे’चा नकार हा शेवटचा शब्द मानला जाई. एका छापखान्याच्या दाराशी एका भाषेची अभिरुची येऊन थांबावी, ही स्थिती निरोगी होती असे कोणी म्हणणार नाही. ती दुष्ट हेतूने निर्माण झाली होती, असे म्हणणेही अन्यायाचे होईल.

या दाराला पहिली फट पडली ती कचेरीतल्या एका यंत्रामुळे. सायक्लोस्टाइल हे काही वाङ्मयासाठी बनवलेले साधन नव्हते. परिपत्रके, सूचना, परीक्षांचे कागद यांच्या प्रती काढण्याचे ते यंत्र. सरकारी खात्यांत, कामगार संघटनांत, महाविद्यालयांत ते असे. मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल कागद टंकयंत्रावर चढवायचा, फीत बाजूला सारून टंकायचे, म्हणजे अक्षराच्या घावाने मेण निघते. तो कागद शाईच्या रुळावर बसवून दांडा फिरवला की शाई त्या वाटेने खालच्या कागदावर उतरते. चूक झाली तर लाल द्रव लावून बुजवायची. देवनागरी टंकयंत्र हाताशी नसेल तर टोकदार लेखणीने स्टेन्सिलवर सरळ हाताने लिहायचे. शिळाछापानंतर मराठी हस्ताक्षर पुन्हा एकदा नियतकालिकाच्या पानावर आले, ते असे. कवी स्वतःच लेखकू, स्वतःच मुद्रक, आणि पाने जुळवून टाचण्या मारणारेही तोच किंवा त्याचे मित्र. एका स्टेन्सिलवरून काहीशे प्रती निघत. तेवढ्या पुरेशाही होत.

१९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ काढले, ते सायक्लोस्टाइलवर. १९६३ साली अशोक शहाण्यांचे ‘असो’ आले. त्यांनी समकालीन मराठी वाङ्मयावर ‘क्ष’ किरण टाकणारा गाजलेला लेख त्याच वर्षी लिहिला, आणि तो प्रसिद्ध झाला ‘मनोहर’मध्ये, म्हणजे किर्लोस्करांच्या घरात! पुढे औरंगाबादहून भालचंद्र नेमाडे आणि त्यांच्या मित्रांचे ‘वाचा’, शिवाय ‘अथर्व’, ‘भारुड’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी रांगच लागली. यांतली सगळी सायक्लोस्टाइल नव्हती. काही रीतसर छापलेली होती. परंतु छापखान्यावाचूनही अंक निघू शकतो, हे एकदा दिसल्यावर छापून काढणाऱ्यांचेही धैर्य वाढले असावे. हे वारे एकट्या मराठीत वाहत होते असेही नाही. अलाहाबादला अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी १९६५ साली ‘डॅम यू’ हे इंग्रजी नियतकालिक काढले तेही सायक्लोस्टाइलचेच.

‘अनियतकालिक’ हा शब्दही बारकाईने पाहण्यासारखा आहे. तो बंडखोरीचा आविष्कार म्हणून वाचला जातो, आणि तो आहेही. पण नियतकालिक या संज्ञेभोवती किती व्यवस्था उभी होती, ते लक्षात घ्यावे. १८६७च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याखाली मुद्रक-प्रकाशकाचे नाव, दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र. या कायद्याच्या व्याख्येत सायक्लोस्टाइलही छपाईतच मोडत असे. (तो कायदा २०२३च्या नव्या कायद्याने रद्द झाला आणि नवी व्यवस्था मार्च २०२४पासून लागू झाली.) १८९८च्या टपाल कायद्यानुसार वृत्तपत्राच्या सवलतीचा दर मिळायचा तर दोन अंकांत एकतीस दिवसांहून अधिक अंतर पडून चालत नसे. म्हणजे ‘मासिक’ हा काळाचा हिशेब काही अंशी टपाल खात्याने बांधून दिलेला होता. सवड होईल तेव्हा, पैसे जमतील तेव्हा अंक काढणाऱ्याने ही सवलत सोडून दिलेली असे. त्याचे अंक हातोहात जात, इराण्याच्या हॉटेलात, लोकलमध्ये, मित्राच्या खोलीवर. वाचकवर्ग लहान का राहिला, याचे उत्तर काव्याच्या दुर्बोधतेइतकेच या वितरणातही शोधले पाहिजे.

१९६९ साली राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ सांगणारा लेख लिहिला आणि ‘सत्यकथे’चा अंक जाळण्याचा प्रसंगही घडला. अंक जाळणे ही कृती मला तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. तिची चर्चा मात्र फार झाली. अधिक महत्त्वाचे हे, की ‘सत्यकथे’वरचा तो हल्ला छापण्यासाठी ‘सत्यकथे’च्या तोलाच्या दुसऱ्या मासिकाची परवानगी लागली नाही. लघुअनियतकालिक हाताशी होते. नाकारलेल्या माणसाला नाकारणाऱ्याविषयी जाहीरपणे बोलता आले, हे मराठी वाङ्मयव्यवहारात नवे होते.

तरीही सारे श्रेय यंत्राच्या पदरात टाकण्याचा मोह आवरला पाहिजे. त्याच ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख १५ ऑगस्ट १९७२च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि त्याने महाराष्ट्र हादरला, तो साने गुरुजींनी स्थापलेल्या ‘साधना’ साप्ताहिकात. रीतसर नोंदणी असलेले, वर्गणीदार असलेले, ध्येयवादी परंपरेतले साप्ताहिक. त्या विशेषांकाचे संपादन अनिल अवचटांनी केले होते. तोच मजकूर काहीशे प्रतींच्या सायक्लोस्टाइल अंकात आला असता तर एवढी खळबळ झाली असती का? माझ्या मते नाही. नियमित वाचकवर्ग, गावोगाव पोचणारी प्रत आणि ‘हो’ म्हणणारा संपादक, या तिन्ही गोष्टी तेथे जुळून आल्या. दलित साहित्याची दीर्घकाळ जोपासना केली तीही गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने, एका त्रैमासिकाच्या चिकाटीने. सायक्लोस्टाइलने नकाराचे दार मोडले. घर बांधणे तिच्याने होण्यासारखे नव्हते. बहुतेक लघुअनियतकालिके थोडक्या अंकांत थांबली. त्याला यंत्राचा स्वभाव कारण होता आणि काढणाऱ्यांचाही.

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. वाचक कमी झाले, लेखक पांगले, काळ बदलला, अशी कारणे दिली जातात. ती खरी असली तरी याच सुमारास खिळ्यांची छपाई मावळत होती आणि ऑफसेट पसरत होते, हा योगही नजरेआड करता येत नाही. त्यानंतरच्या दशकात संगणकावर अक्षरजुळणी आली. खिळेजुळारी हा व्यवसायच पाहता-पाहता नाहीसा झाला. मुद्रितातली सुधारणा आता जवळजवळ फुकट झाली. हवे तितक्या वेळा वाक्य बदला, शिशाचे ओझे नाही. याने संपादन सुधारायला हवे होते. झाले उलटेच. मजकूर कधीही बदलता येतो म्हटल्यावर तो आधी पक्का करण्याची निकड संपली. पुढे बघू म्हणून ठेवलेली दुरुस्ती राहूनच जाते. आजच्या अनेक दिवाळी अंकांत एकाच लेखात एका नावाची तीन रूपे आढळतात ती यामुळे. पडद्यावर लिहून क्षणात प्रसिद्ध करण्याची सोय झाल्यावर तर ‘साभार परत’ हे शब्द लिहिण्याची वेळही कोणावर फारशी येत नाही. नकार संपला असे मात्र नाही. तो आता वाचकाच्या न-वाचण्यात आहे, आणि त्याचे पत्र लेखकाला कधीच येत नाही. पटवर्धनांच्या पत्राने दुखावलेल्या लेखकाला निदान आपण कोठे चुकलो असे एक माणूस समजतो, एवढे तरी कळत असे.

राहता राहिला टिकण्याचा प्रश्न, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा आहे. खिळ्यांनी छापलेले ‘सत्यकथे’चे बांधीव खंड आजही ग्रंथालयात बसून वाचता येतात. सायक्लोस्टाइलचा कागद सच्छिद्र, हलका; तो पिवळा पडतो, कडांनी तुटतो. लघुअनियतकालिकांचे पूर्ण संच एकत्र पाहायला मिळणे दुरापास्त आहे. जे आहे ते व्यक्तींच्या खाजगी संग्रहांत. त्याहून चमत्कारिक गत नव्वदीतल्या मासिकांची. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या देवनागरी फॉन्टची आतली अक्षरसंकेतावली निराळी होती. एका फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्यात उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसे. भारतीय लिपींसाठी प्रमाण संकेतावली १९९१ साली आली होती, युनिकोडचा आरंभही त्याच वर्षीचा, पण अक्षरजुळणीच्या व्यवसायात पुढे कितीतरी वर्षे जुने फॉन्टच चालत राहिले. त्या फायली फ्लॉपीवर होत्या. छापील अंक हाती नसेल तर अवघ्या तीस वर्षांपूर्वीचा मजकूर मिळवणे १८७४च्या ‘निबंधमाले’हून कठीण होऊन बसते.

याचा परिणाम थेट आपल्या अभ्यासक्रमावर झालेला आहे. कोलटकरांची कविता आपण शिकवतो ती १९७७ साली प्रास प्रकाशनाने काढलेल्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या संग्रहावरून किंवा त्यातून घेतलेल्या वेच्यांवरून. नीट मांडणी, स्वच्छ पान, भरपूर समास. ‘शब्द’च्या पानावर, स्टेन्सिलच्या पसरट शाईत, शेजारच्या मित्राच्या कवितेला खेटून लिहिणारा तो विशीतला कवी विद्यार्थ्याला दिसत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांनीही त्याला तसा पाहिलेला नाही. ज्यांच्या कपाटांत हे अंक अजून आहेत ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी प्रबंधांचे विषय वाटण्याआधी त्यांच्या घरी जाऊन या पानांची छायाचित्रे तरी घ्यावीत. त्यासाठी लागणारे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे.